जुन्या सायकलीचे छर्रे आणि वंगण

सायकल कुरकुरूं लागली म्हणजे तिला तेल पाजावें, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. सायकल पूर्ण खोलून, धुऊन, तपासून पुन्हां जोडण्याच्या कामास इंग्रजींत ‘ओव्हरहॉलिंग’ म्हणतात. हा शब्द दुकानादुकानांतून फिरत फिरत लोकांच्या तोंडीं ‘ओव्हरऑइलिंग’ झाला. नुसता शब्दच बिघडला असता तर भाषेच्या शिक्षकांनीं थोडें हळहळून सोडून दिलें असतें. परंतु शब्दाबरोबर कामहि बिघडलें. जेथें भोंक दिसेल तेथें तेल ओतणें म्हणजेच ‘ओव्हरऑइलिंग’, असा अर्थ पुष्कळांनीं मनाशीं पक्का करून ठेवला आहे. या समजुतीपायीं आमच्या एका विद्यार्थ्याचें शिक्षण थांबण्याची वेळ आली होती. ती कशी टळली हें सांगावें, आणि त्या निमित्तानें सायकलीच्या पोटांतील छऱ्यांची वाचकांस ओळख करून द्यावी, म्हणून हा लेख लिहीत आहों.

हा विद्यार्थी शिरूरपासून सहा किलोमीटरवर, घोड नदीच्या अंगच्या एका वस्तीवरून रोज सायकलीनें शाळेस येतो. सायकल त्याच्या आजोबांची. काळ्या रंगाची, दांड्याच्या ब्रेकची, अठ्ठावीस इंची चाकांची. दर दिवाळीस एका दुकानांत तिचें ‘ओव्हरऑइलिंग’ होत असे. एका पावसाळ्यांत मागलें चाक कर्कर वाजूं लागलें; घरच्यांनीं तेल घातलें; आवाज आठ दिवस बंद पडला व पुन्हां सुरूं झाला. पुन्हां तेल घातलें. असें दोन महिने चाललें. अखेर सहामाही परीक्षेच्या दिवशीं सकाळीं, अर्ध्या वाटेवर, चाक एकाएकीं जाम झालें. मुलगा पडला, गुडघा फुटला. मागलें चाक हातांनीं उचलून धरून तो तीन किलोमीटर चालत आला, तेव्हां पहिल्या पेपराचा एक तास सरला होता.

दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले. “गुरुजी,” ते म्हणाले, “सायकल भंगारांत घालायची म्हणतोंय. यंदा पाऊस नीट झाला नाहीं, तेव्हां नवी कांहीं व्हायची नाहीं. आणि शाळेच्या वेळेला वस्तीवर गाडी येत नाहीं. पोराला वर्षभर घरींच राहूं द्या. शेतांत हात लावील.” आम्ही त्यांस म्हटलें, “अहो, आठ दिवस थांबा. सायकल तेवढी शाळेंत ठेवून जा.” ते थांबले. त्या शनिवारीं शाळा सुटल्यावर शाळेच्या पडवींत वर्तमानपत्रें अंथरून आम्ही व दहा-बारा मुलें त्या चाकाभोंवतीं बसलों. आंत काय सांपडलें तें पुढें सांगूं. आधीं त्या चाकांत काय असावयास हवें होतें तें पाहूं.

कोणतेंहि चाक आंसाभोंवतीं फिरतें. आंस आणि चाक यांचा पृष्ठभाग एकमेकांवर घासला कीं घर्षण होतें. त्यांत बैलाचें, इंजिनाचें वा आपल्या पायांचें बळ फुकट जातें, आणि धातू तापतो व झिजतो. जुन्या बैलगाडीचा लोखंडी आंस चाकाच्या तुंब्यांत सरळ घासतच फिरे. म्हणून गाडीवान एरंडेलाचें वंगण जवळ बाळगी, आणि लांबच्या वाटेस निघण्यापूर्वीं चाक काढून आंसास तें लावी. ज्याची गाडी वाजत गांवांत शिरे, त्यास लोक हंसत. बैलांचे हाल आवाजावरून कळत असत.

आमचें लहानपण दौंडास गेलें. पुणें-सोलापूर मार्गावर दौंड हें मोठें जंक्शन. १८७८ सालीं येथून मनमाडकडे लोहमार्ग सुरूं झाला. आमचे वडील रेल्वेंत, गाड्यांची तपासणी करणाऱ्या खात्यांत होते. त्या काळच्या बहुतेक मालडब्यांच्या आंसांच्या टोकांस लोखंडी पेट्या असत, आणि त्यांत तेलानें भिजविलेला सुताचा बोळा किंवा गादी असे. आंस त्या तेलावर घासत फिरे. बोळा सुकला किंवा आंत माती गेली, कीं पेटी तापे. कधीं कधीं तिच्यांतून धूरहि येई. गाडी स्टेशनांत थांबतांच तपासनीस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जात व प्रत्येक पेटीस उलटा हात लावून पाहत. तापलेली पेटी असलेला डबा गाडींतून काढून टाकीत. एका डब्यासाठीं सारी गाडी कां खोळंबवावयाची, असें आम्ही एकदां विचारलें असतां वडील म्हणाले, “बाळ, गाडी रुळांवरून घसरते ती डोंगरामुळें नव्हे, ओंजळभर तेल वेळेवर न मिळाल्यामुळें.” आतांच्या डब्यांस बंद पेटीचीं रोलर बेअरिंगें असतात व उष्णता मोजावयास उपकरणें आलीं आहेत, परंतु आंसाची चौकशी अजूनहि सुटलेली नाहीं.

घासण्याऐवजीं लोळविणें, ही यावरची मोठी युक्ति होय. जड पेटी जमिनीवरून ओढतांना घाम फुटतो. तिच्याखालीं दोन गोल ओंडके सारले कीं तीच पेटी एका हातानें ढकलतां येते. आंस व तुंबा यांच्यामध्यें ओंडक्यांच्या जागीं पोलादाच्या लहान गोळ्या घातल्या म्हणजे छऱ्यांचें बेअरिंग झालें. वेल्समधील फिलिप व्हॉन यानें १७९४ सालीं गाडीच्या आंसासाठीं अशा रचनेचें पेटंट घेतलें होतें. सायकलीसाठीं तें काम पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यानें १८६९ मध्यें केलें. त्याच वर्षीं ७ नोव्हेंबर रोजीं पॅरिसहून रूआं या गांवापर्यंत सुमारे १२३ किलोमीटरची सायकलींची शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या जेम्स मूर याच्या सायकलींत असेच छर्रे बसविलेले होते. मात्र त्या वेळीं सर्व गोळ्या एकाच मापाच्या करणें फार अवघड असे. जर्मनींतील श्वाइनफुर्ट गांवच्या फ्रीड्रिख फिशर यानें १८८३ मध्यें पोलादी गोळ्या एकसारख्या व अगदीं गोल घासून काढणारें यंत्र तयार केलें, आणि तेव्हांपासून छर्रे स्वस्त झाले. आज ऊंस वाहणाऱ्या टायरगाड्यांच्या चाकांतहि बेअरिंगेंच असतात. म्हणूनच आपल्या तालुक्यांतील बैल जुन्या गाडीपेक्षां अधिक भार ओढूं शकतो.

आतां सायकलीच्या पुढल्या चाकाच्या हबांत डोकावूं. हबच्या दोन्ही टोकांस पोलादी वाटी बसविलेली असते. आंसावर दोन्ही बाजूंनीं शंकूच्या आकाराची एकेक चकती आटे पाडून फिरवितां येते. तिला दुकानांत ‘कोन’ म्हणतात. वाटी आणि कोन यांच्यामधील गोल खांचेंत छर्रे बसतात. आपल्याकडच्या जुन्या धर्तीच्या बहुतेक सायकलींत पुढल्या चाकास प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे, म्हणजे दीड सुती, दहा छर्रे. मागल्या चाकास प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ. आणि पायटे जेथें फिरतात त्या मधल्या आंसास प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा छर्रे असतात. पुढल्या दांड्याच्या व पायट्यांच्या आंतील छर्रे सोडले तरी ही संख्या साठ भरते. बसणाऱ्याचा आणि सायकलीचा सर्व भार या साठ गोळ्यांवर असतो. आणि कोणत्याहि क्षणीं त्यांतील खालच्या बाजूचे दोन-चारच छर्रे खरा भार घेतात.

त्यांचें काम किती चालतें याचा हिशेब मुलांनीं स्वतः करून पाहावा. अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ सुमारें सव्वादोन मीटर. म्हणजे एका किलोमीटरास साधारण ४५० फेरे. आमच्या विद्यार्थ्याचें जाणें-येणें रोज १२ किलोमीटर; म्हणजे ५,४०० फेरे. शाळेचे दिवस २०० धरले तर वर्षाचे दहा लाखांहून अधिक फेरे होतात! एवढें काम करणाऱ्या यंत्रास आपण वर्षांतून एक दिवस देऊं नये काय?

छऱ्यांचे शत्रु दोन: धूळ आणि पाणी. आपला भाग पर्जन्यछायेचा. आठ महिने मुरमाची बारीक पूड हवेंत असते, आणि उरलेले चार महिने काळ्या मातीचा चिखल चाकास चिकटतो. मुरमाची पूड वंगणांत मिसळली कीं तें वंगण राहत नाहीं. शिकलगार वापरतो तसा घासण्याचा लेप होतो, व छऱ्यांना रोज थोडेंथोडें खरवडतो. ओढ्याच्या पाण्यांतून सायकल घातली किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें धुतली, कीं पाणी कोनाजवळच्या फटींतून आंत शिरतें आणि तेथेंच राहतें. पोलादावर तांबेरा चढतो. गुळगुळीत वाटींत सुईच्या अग्राएवढे खळगे पडतात. त्या खळग्यांवर छर्रे आपटत जातात, आणि खळगे मोठे होतात. कर्कर आवाज येतो तो या आपटण्याचा.

मग तेल ओतल्यानें आवाज बंद कां पडतो, असें कोणी विचारील. तेलाचा पातळ थर त्या आपटण्यास क्षणभर मऊ करतो, एवढेंच. खळगे तेथेंच असतात. शिवाय, आंत ग्रीस असेल तर पातळ तेल तें विरघळवून बाहेर वाहून नेतें, आणि जातां जातां बाहेरची धूळ आंत ओढण्यास वाट ओली करून ठेवतें. जुन्या विलायती धर्तीच्या कांहीं हबांना मध्यभागीं तेलाचें झांकणदार भोंक असे व त्यांत वरचेवर दोन-चार थेंब घालण्याची रीत होती, हें खरें. परंतु ती रीत नेमानें पाळणाऱ्यासाठीं होती. वर्षांतून एकदां वाटीभर तेल ओतणें ही ती रीत नव्हे.

ग्रीस म्हणजे तेलच. मात्र त्यांत एक प्रकारचा साबण मिसळून तें घट्ट केलेलें असतें. या साबणाचे अतिसूक्ष्म तंतू स्पंजाप्रमाणें तेल धरून ठेवतात व फिरणाऱ्या छऱ्यांस लागेल तसें थोडेंथोडें सोडतात. तें वाहून जात नाहीं, आणि बाहेरच्या कडेस त्याचें जें कडें बसतें तें धुळीस बांध घालतें. लिथियम किंवा कॅल्शियम साबणाचें साधें ग्रीस सायकलीस उत्तम. गोडेतेल कधींहि घालूं नये. तें हवेनें चिकट होऊन गोंदासारखें बसतें. खोबरेल थंडींत गोठतें. मोटारीचें काढून टाकलेलें काळें तेल फुकट मिळतें म्हणून घालणारे आहेत. त्यांत झिजलेल्या धातूची पूड असते, हें त्यांस ठाऊक नसतें.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. प्रथम पुढलें चाक घ्यावें. तें सोपें असून त्यावर हात बसतो. साहित्य थोडें लागतें: नटांस बसणारे दोन पान्हे, कोनास बसणारा एक पातळ पान्हा, एक थाळा, जुनें वर्तमानपत्र, सुती चिंध्या, थोडें घासलेट किंवा डिझेल आणि ग्रीसची लहान डबी. घासलेट व डिझेल पेट घेतात. म्हणून हें काम उघड्यावर, चुलीपासून व दिव्यापासून दूर करावें, आणि लहान मुलांजवळ वडील माणूस असावें. उरलेलें घाण तेल गटारांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये.

सायकल उलटी करून बैठकीवर व हँडलवर उभी करावी. चाक काढण्यापूर्वीं हातानें फिरवावें, आणि बोटें चिमट्यावर ठेवून आंतील खरखर हातांस कशी लागते तें पाहावें. नंतर तुलना करावयास ही आठवण उपयोगी पडते. चाक काढून थाळ्यावर आडवें धरावें. एका बाजूचा अडकनट व कोन सैल करून काढावा. कांहीं जुन्या पुढल्या चाकांत अडकनट नसतो. तेथें कोनच काढावा. मग आंस दुसऱ्या बाजूनें सावकाश ओढावा. छर्रे खालीं सांडतात, म्हणूनच थाळा. दोन्ही बाजूंचे छर्रे वेगवेगळे ठेवावे व मोजावे. ते किती निघाले आणि वर सांगितलेल्या संख्येशीं जुळतात कीं नाहींत, हें कागदावर लिहून ठेवावें. निघालेलें ग्रीस दुधाळ दिसलें तर आंत पाणी गेलें असें समजावें. करडें व खरखरीत लागलें तर धूळ. तांबूस असेल तर गंज.

सर्व भाग घासलेटांत धुऊन चिंधीनें कोरडे करावे. वाट्या चाकांतच राहतात. त्या चिंधी बोटाला गुंडाळून आंतून पुसाव्या. आतां सर्वांत महत्त्वाचें काम, म्हणजे पाहणें. कोन उजेडांत धरून फिरवावा. छर्रे ज्या वाटेनें फिरतात तेथें सर्वत्र सारखी चकचकीत रेघ दिसली तर कोन चांगला. खळगे आहेत कीं काय हें डोळ्यांस न कळल्यास लिहावयाच्या बॉलपेनाचें टोक त्या रेघेवरून हलकेंच फिरवावें. खळगा असेल तेथें टोक अडखळतें. वाटीचीहि अशीच परीक्षा करावी. आंस काचेच्या तुकड्यावर लोळवून पाहावा. वांकडा असेल तर तो डुगडुगतो.

छऱ्यांविषयीं आमचें सांगणें असें कीं, चाक खोललें तर ते सर्वच बदलावे. ते अत्यंत स्वस्त असतात. जुन्यांतील एक फुटला म्हणून तेवढाच नवा घालणें ही खोटी काटकसर होय. जुने झिजून केसाएवढे लहान झालेले असतात. त्यांत नवा एक मोठा पडला कीं सर्व भार त्या एकट्यावर येतो, आणि तो वाटी खराब करतो. वर्गांत एकाच मुलानें सर्वांचा अभ्यास करावा तसा तो प्रकार होय.

आतां दोन्ही वाट्यांत ग्रीसचा चांगला थर भरावा व त्यांत छर्रे एकेक करून बोटानें दाबून बसवावे. ग्रीसमुळें ते जागीं चिकटून राहतात. ठरलेल्या संख्येनें भरल्यावर थोडी जागा मोकळी राहते. तीच पाहून नवशिका आणखी एक छर्रा कोंबतो. तसें करूं नये. छऱ्यांस फिरावयास मोकळीक हवी. गर्दी झाली कीं ते एकमेकांवर चढतात. वरून पुन्हां थोडें ग्रीस लावून आंस जपून आंत घालावा व कोन हातानें फिरवीत आणावा.

यापुढील भाग नाजूक आहे. कोन फार आवळला तर छर्रे वाटींत रुततात; फार सैल राहिला तर चाक डुलतें व छर्रे आपटतात. आंस बोटांनीं फिरविला असतां गुळगुळीत फिरावा आणि वरखालीं हलूं नये, इतकाच कोन बसवावा. अडकनट आवळतांना कोन थोडा आंत सरकतो. म्हणून आधीं तो किंचित सैल ठेवावा, पातळ पान्ह्यानें कोन धरून ठेवावा आणि दुसऱ्या पान्ह्यानें अडकनट आवळावा. पहिल्या खेपेस हें साधत नाहीं. आमच्या मुलांस चार वेळां करावें लागलें. आम्हांस लहानपणीं सहा वेळां लागलें होतें.

चाक पुन्हां बसवून, सायकल सरळ करून परीक्षा घ्यावी. पुढलें चाक उचलून सोडून द्यावें. चाक नीट बसलें असेल तर व्हॉल्व्हच्या वजनानेंच तें हळू हळू फिरूं लागतें, व्हॉल्व्ह तळाशीं येतो, पुढें जातो, मागें येतो, आणि घड्याळाच्या लंबकासारखे झोके घेत थांबतो. मध्येंच अडकून थांबला तर कोन आवळलेला आहे. मग धांव धरून चाक आडवें हलवून पाहावें. खडखडलें तर कोन सैल आहे. आणि एक गोष्ट विसरूं नये: ग्रीसचा हात ब्रेकच्या रबरांस किंवा चाकाच्या धांवेस लागूं देऊं नये, लागलाच तर पुसून काढावा. उत्तम फिरणारी परंतु न थांबणारी सायकल कोणास हवी आहे?

मागल्या चाकाचें काम याच रीतीनें होतें. मात्र साखळीची बाजू तशीच ठेवून डाव्या बाजूचा कोन खोलावा. तेथील फ्रीव्हीलमध्यें ग्रीस भरूं नये. फ्रीव्हीलच्या आंत ज्या लहान जिभा दांत्यांत अडकून चाक ओढतात, त्यांस कारागीर ‘कुत्रे’ म्हणतात. हे कुत्रे घट्ट ग्रीसांत चिकटले तर पायटे मोकळेच फिरतात. त्यांस पातळ तेलाचे थोडे थेंब पुरेत. येथें मात्र तेलाचा मान आहे.

मधला आंस आणि पायटे यांविषयीं थोडी सावधगिरी सांगतों. डाव्या पायट्याचे आटे उलटे असतात. तो काढतांना पान्हा नेहमीच्या उलट दिशेनें फिरवावा लागतो. तसेंच जुन्या धर्तीच्या सायकलींत मधल्या आंसाची साखळीकडील वाटीहि उलट्या आट्यांची असते. पायटे सतत फिरतांना नेहमीचे आटे आपोआप उलगडूं नयेत, म्हणून ही योजना आहे. हें ठाऊक नसलेल्या जोरकस मुलानें आटे मोडल्याचें आम्हीं पाहिलें आहे. क्रँकची कॉटर पिन हातोड्यानें ठोकून काढण्याचें कामहि कारागिराकडेच द्यावें. खालीं आधार न देतां ठोकल्यास तो दणका थेट छऱ्यांना व वाटीला बसतो.

हँडल जेथें फिरतें तेथील छर्रे पूर्ण वर्तुळ कधींच फिरत नाहींत. ते एकाच जागीं खड्ड्यांचे धक्के खात राहतात. त्यामुळें तेथें वाटींत एका ओळीनें खळगे पडतात, आणि हँडल सरळ रेषेंत अडकून बसल्यासारखें वाटतें. असें वाटलें कीं उशीर करूं नये. वळणावर हा दोष घात करतो. पुढला ब्रेक दाबून सायकल पुढेंमागें हलविली असतां वर खटखट झाली, तर तेथील नट सैल आहे असें समजावें.

हें सर्व वर्षांतून एकदां, पावसाळा संपून वाटा सुकल्या कीं करावें. पुष्कळ पाण्यांतून जावें लागलें तर दोनदां. नव्या सायकलींपैकीं कांहींना बंद बेअरिंगें असतात. तीं खोलावयाचीं नसतात, बिघडलीं कीं सबंध बदलावयाचीं असतात. परंतु घरोघरच्या पडवींत टेकून ठेवलेल्या आजोबांच्या सायकली या जातीच्या नव्हेत. विलायती सायकलींच्याच मापानें आपल्या देशांतहि पुढें सायकली होऊं लागल्या: मुंबईंत हिंद सायकल्सचा कारखाना १९३९ मध्यें निघाला, सोनीपतचा ॲटलस १९५१ मध्यें, आणि लुधियानाच्या हिरोच्या सायकली १९५६ पासून निघाल्या. मापें बहुतेक तींच राहिलीं. म्हणूनच साठ वर्षांच्या सायकलीचा कोन, वाटी व छर्रे आजहि तालुक्याच्या दुकानांत मिळतात. जी वस्तु खोलतां येते व जिचे भाग मिळतात, ती म्हातारी झाली म्हणून टाकाऊ होत नाहीं.

आतां त्या शनिवारच्या चाकाकडे परत येऊं. डाव्या बाजूचे नऊही छर्रे शाबूत होते, फक्त निस्तेज. उजव्या बाजूला मात्र सहा छर्रे, दोन अर्धे तुकडे आणि चमचाभर लोखंडी चूर निघाला. त्यांतील एक तुकडा कोन व वाटी यांमध्यें पाचरीसारखा अडकला होता. चाक जाम झालें तें त्यामुळें. मुलांनीं तो तुकडा हातोहात फिरविला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. आणि त्यानें एका मुलाचा पेपर घेतला होता, व त्याची शाळाहि घेणार होता. उजवा कोन आणि वाटी दोन्ही गेली होती. कोन आम्हीं बदलला; वाटी ठोकून बसविण्याचें काम आमच्या आवांक्याबाहेरचें, म्हणून सोमवारीं चाक बाजारांतील एका जुन्या कारागिराकडे नेलें. त्यानें तें मुलांसमक्ष करून दाखविलें, व त्यांच्या प्रश्नांना उत्तरेंहि दिलीं. एक कोन, एक वाटी, छऱ्यांची पुडी, ग्रीसची डबी व त्याची मजुरी मिळून जो खर्च आला, तो नव्या सायकलीच्या किमतीपुढें अगदींच क्षुल्लक होता.

आठव्या दिवशीं वडील सायकल न्यावयास आले. मुलानें मागलें चाक उचलून त्यांच्यापुढें सोडून दिलें. व्हॉल्व्ह झोके घेत घेत तळाशीं थांबेपर्यंत ते कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं स्वतः चाक एकदां फिरवून पाहिलें, कान जवळ नेला, आणि म्हणाले, “आतां वाजत नाहीं.” मुलगा म्हणाला, “दादा, पूर्वींहि तेल घातल्यावर वाजत नव्हती.” हें उत्तर आम्हांस त्या दिवसाच्या सर्व श्रमाहून मोलाचें वाटलें.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मुलास सायकल देतां तेव्हां एक पातळ पान्हा व ग्रीसची एक डबीहि द्यावी. आणि एक रिकामी दुपार द्यावी, तिच्यांत त्याचे हात व कपडे काळे झाले तर रागावूं नये. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, यंत्र कुरकुरलें तर तें गप्प करण्याची घाई करूं नका. तें आपल्यास कांहीं सांगत असतें. तेल घालून त्याचें तोंड बंद करणें सोपें आहे. खोलून, धुऊन, उजेडांत धरून पाहण्यास थोडे कष्ट पडतात. पण मग तें यंत्र तुम्हांस सहा किलोमीटर नेतें आणि सहा किलोमीटर परत आणतें. तो विद्यार्थी यंदा दहावींत आहे, आणि रोज त्याच सायकलीवरून येतो.